साण्याखालची फटफटी

आधीच सांगते, मी हे सदर वाचते ते भांडायला. दर महिन्याला कुणाला तरी पिंपळाखाली कुणीतरी उभं दिसतं, आणि मी माझ्या धाकट्या बहिणीला फोन करून म्हणते – बघ, आणखी एकाला अपचन झालं! सत्तावीस वर्षं शाळेत गणित आणि शास्त्र शिकवलंय मी. करणी, नजर, भूतखेत... यातलं काही मला तेव्हा पटत नव्हतं, आजही पटत नाही. नवस कधी बोलले नाही, आणि मांजर आडवं गेलं तर मी मांजरालाच हाकललंय. त्यामुळं आता मीच हे लिहायला बसले याचं बहिणीला फार हसू येतंय. येऊ दे. जे मी भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, जेवून उठल्यावर पाहिलं, तेवढंच लिहिते. कुणाला लॉजिक सापडलं तर जरूर कळवा. मला गेली पन्नास वर्षं सापडलेलं नाही.

दुसरं महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गाव मुरुम, तालुका उमरगा. तेव्हा तो निजामाचा मुलूख. मी सोलापूरची, म्हणजे इंग्रजी हद्दीतली. लग्नाला दीड वर्ष झालेलं. 'हे' गुरांचे डॉक्टर होते, तिकडं सलोतरी म्हणतात. बाजारपेठेच्या मागं आडाकडं जाणारी एक अरुंद गल्ली होती, तिच्यात उजव्या हाताचं तिसरं घर आमचं. दोन खोल्या, पुढं ओसरी, वर मातीचं सपाट छत – माळवद. घर भाड्याचं होतं.

ह्यांना रोज चार-पाच गावं फिरावी लागायची. आधी घोडं होतं. ते म्हातारपणानं मेलं. हे सोलापूरला गेले ते नवं घोडं बघायला, आणि आले ते फटफटी घेऊन. लष्करानं काढून टाकलेली, मळकट हिरवी, अगडबंब मोटारसायकल! गल्लीत शिरली तेव्हा तिच्या आवाजानं समोरच्यांची म्हैस दावं तोडून पळाली. गुरांच्या डॉक्टरची ही एंट्री. तिला मागच्या स्टँडवर चढवायचं तर ह्यांच्या जोडीला आणखी एक धट्टाकट्टा माणूस लागायचा, तरी दोघांच्या तोंडाला फेस यायचा. हे वजन लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

बरं, आणली तर आणली, ठेवायची कुठं? आमच्या दाराला गुडघाभर उंबरठा, आणि हँडल दारापेक्षा चार बोटं रुंद. पहिले दोन दिवस बाहेर भिंतीला टेकवली. चैत्राचं ऊन, रबराला तडे जायला वेळ लागत नाही, आणि नवीन टायर तर लढाईनंतर औषधालाही मिळत नव्हते. मग ह्यांनी तिच्यावर गोधडी ओली करून घातली. माझ्या आईनं लग्नात दिलेली गोधडी! तिला ऑइलचे डाग पडले तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, की या घरात एक तर ती राहील नाही तर मी.

मग ह्यांनी एक सुतळी घेतली. गाडीच्या रुंदीला एक गाठ मारली, लांबीला दुसरी, आणि गावभर लोकांची दारं मोजत सुटले. सरकारी माणूस दारं मोजतोय म्हटल्यावर गावात बातमी झाली, की आता दाराच्या रुंदीवर पट्टी बसणार. दोन घरांनी तर लगोलग कुडाचा आडोसा घालून आपली दारं निम्मी करून टाकली. म्हणजे होती नव्हती ती जागाही गेली.

सरकीच्या गोदामाचा मुनीम पेट्रोलचं नाव काढताच हात जोडून उभा राहिला. शेवटी एका पाटलांनी भिडेखातर गोठ्यात जागा दिली. तिथं दोन दिवस बैलांनी वैरणीला तोंड लावलं नाही, आणि म्हशीनं पान्हा चोरला. तिसऱ्या दिवशी पाटील स्वतः आले.

"डाक्तरसाहेब, तुमी गुरं बरी करता म्हनून ठिवून घेतली वो. पर तुमच्या फटफटीपायी माजी गुरं आजारी पडालीत. न्या तेवढी."

गाडी पुन्हा गल्लीत, गोधडी पुन्हा गाडीवर, आणि आमच्यात अबोला.

तेव्हा शेजारची भागाबाई आमच्या ओसरीपाशी आली. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर होतं. जेमतेम तिशीची बाई, पण गाल बसलेले. नवरा नागनाथ मागच्या पावसाळ्यात पटकीनं गेला होता. एक सहा वर्षांची मुलगी, एक अंगावरचा मुलगा.

"डाक्तरीणबाई, आमची बैलगाडीची खोली रिकामीच हाय की. बैलं गेली, गाडी गेली. ठिवा तुमची फटफटी."

ह्यांनी भाड्याचं विचारलं, तर मान हलवून म्हणाली, "भाडं नगं. माज्या शेळीकडं तेवढं बघा. खाईना झालीया."

खोली बघून हे लहान पोरासारखे हरखले. बैलगाडी आत यायची म्हणून दार दुपाखी आणि ऐसपैस, उंबरठा नाही. मातीच्या हातभर जाड भिंती, शेणानं सारवलेली जमीन, आत गारवा. छताला मधोमध उजेडासाठी ठेवलेलं भोक होतं, त्याला तिकडं साणं म्हणतात. दुपारी त्यातून उन्हाचा एक खांब थेट जमिनीवर उतरायचा. "गाडी बरोब्बर या उजेडात लावायची," हे म्हणाले, "म्हणजे दुरुस्तीला दिवा नको." शेळीला दोन दिवस कसलातरी काढा पाजला, ती चरायला लागली. आमचा अबोलाही सुटला.

गल्लीत भागाबाईशी कुणी बोलत नाही हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं. खुरपणीला, काढणीला तिला कुणी बोलवायचं नाही. कारण तिनंच मला सांगितलं, माळवदावर मी कुरडया घालत होते तेव्हा. दोन्ही घरांची माळवदं एकमेकांना लागून होती. ती मला हात लावायला यायची, आणि पातेल्याला राहिलेला चीक लेकरांसाठी घेऊन जायची. घरात एक वेळ अंबाडीची भाजी आणि एक वेळ पाणी, अशी तिची गत होती.

त्या काळी लेव्ही असायची, म्हणजे पिकातला ठरवून दिलेला दाणा सरकारला घालायचा. आदल्या साली वसुलीची मंडळी गावातल्या चार जणांना घेऊन तिच्या दारी आली. दाणा कमी भरला होता. लपवलाय का म्हणून त्यांनी नागनाथला बेलभंडार उचलायला सांगितलं. खंडोबाचा भंडारा आणि बेलाचं पान हातात घेऊन खोटं बोलायचं नाही, बोललं तर घराचा नाश होतो, अशी समजूत. नागनाथ म्हणाला, "दाना बाईच्या हाताखाली असतोय. तिलाच इचारा." मग भागाबाईनं बेलभंडार उचलला आणि सांगितलं, कणगीत हाय तेवढंच, दुसरा दाणा घरात न्हाय. त्यानंतर पंधरा दिवसांत नागनाथ गेला. गाव म्हणालं, भंडार उलटला. हिनं खोटी शपथ घेतली आणि नवरा खाल्ला.

"म्या खरं बोलले वो बाई," ती मला म्हणाली. एवढंच, पण तीन वेळा.

आणि अक्षय तृतीया, तिकडं अकिती म्हणतात, ती पंधरा दिवसांवर आली होती. अकितीला उमरग्याहून तिचा भाऊ गाडी घेऊन येणार होता. तो तिला आणि मुलाला नेणार होता. मुलीला सांभाळायची त्याची ऐपत नव्हती. मुलगी आळंदकडं नणंदेच्या घरी कामाला जायची होती. "तिकडं समदी कानडी बोलत्यात," भागाबाई म्हणाली, "माज्या पोरीला पानी मागायलाबी यायचं न्हाय." मला रडू आलं, पण गुरांच्या डॉक्टरच्या पगारात मी तरी किती पोटं भरणार होते?

आता मूळ गोष्ट.

हे अकराच्या सुमाराला फिरती संपवून यायचे, शेजारच्या माणसाला हाताशी घेऊन गाडी साण्याखाली स्टँडवर चढवायचे, आणि दाराला कुलूप लावून किल्ली माझ्याकडं द्यायचे. ती माझ्या पदराच्या गाठीला असायची. जेवून हे झोपायचे ते चारला उठायचे. पहिल्या दिवशी चारला कुलूप काढलं, तर गाडी मागच्या भिंतीला टेकलेली. स्टँड नीट वर उचलून अडकवलेलं.

"तू हलवलीस?"

"हो, आणि उमरग्याला चक्कर मारून आले!"

ह्यांना वाटलं, आपणच तशी लावली असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मग ह्यांनी थिअरी काढली – जमिनीला उतार आहे, इंजिन थंड होताना आकसतं, झटका बसतो आणि गाडी घरंगळते. मी एक काचेची गोटी आणली आणि साण्याखाली ठेवली. गोटी घरंगळली खरी, पण दाराकडं. म्हणजे गाडी रोज चढावर जात होती! यावर हे म्हणाले, गोटी हलकी असते. मला सांगा, अशा माणसाशी काय बोलायचं?

"अहो, तिला भिंतीशीच जायचंय तर तुम्हीच भिंतीशी लावा ना," मी म्हटलं.

"माझी गाडी कुठं लावायची हे मी ठरवणार." झालं, इगो आड आला.

पाचव्या दिवशी मी चुलीतली राख चाळून घेतली, आणि गाडी लावून झाल्यावर दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळ्या जमिनीवर पातळ पसरली. मागं सरकत सरकत बाहेर आले, स्वतःच्या हातानं कुलूप लावलं. चारला उघडलं. राखेत दोन चाकांची एकच सरळ रेघ होती, साण्यापासून भिंतीपर्यंत. बाजूला पाऊल नाही, उंदराचंही नाही. इतकी जड गाडी ढकलायची तर माणसाला टाचा रोवाव्या लागतात. मी राखेतून चालत गेले आणि हँडलला हात लावला. रबरी मुठी ओलसर होत्या. बोटं नाकाशी नेली... घामाचा वास होता, आणि तो ह्यांच्या घामाचा नव्हता. बायकोला तेवढं कळतं.

ह्यांनी त्या दिवशी चहाही घेतला नाही. पण एका गोष्टीवर आमचं एकमत झालं, ही गोष्ट गल्लीत फुटता कामा नये. भागाबाईच्या खोलीत गाडी आपोआप चालते असं कळलं असतं, तर लोकांनी तिला अकितीपर्यंतही राहू दिलं नसतं. तिलाही आम्ही सांगितलं नाही.

अकितीला चार दिवस उरले होते. दुपारचा एक वाजून गेलेला. हे घरात घोरत होते. मी माळवदावर कुरडया उलटत होते, पायाखाली माती अशी तापलेली की गोणपाट टाकून त्यावर उभं राहावं लागायचं. गल्लीत चिटपाखरू नाही. अशा उन्हाला एक आवाज असतो, कानात बारीक शिट्टी वाजल्यासारखा. तेवढाच होता. आणि मग खालून आवाज आला – खट्ट. स्टँड उचलून अडकवल्याचा.

मी कुरडई हातात तशीच धरून भागाबाईच्या माळवदावर गेले आणि साण्याशी गुडघे टेकले. भीती वाटत होती का? हो, वाटत होती. पण चोर पकडायचाच असा रागही होता. आत बघितलं.

गाडी उन्हाच्या त्या झोतात उभी होती. स्टँड वर अडकवलेलं, भिंतीचा टेकू नाही, तरी सरळ उभी. दोन चाकांवरची एवढी जड गाडी कुणी धरल्याशिवाय अशी उभी राहत नाही, हे मी मुलांना शिकवत आले आहे. सीटचं कातडं एका जागी दबलेलं होतं, मळलेल्या कणकेवर तळवा दाबावा तसं. हँडल जरासं डावीकडं, मग उजवीकडं झालं, सरळ झालं. आणि चाकं फिरायला लागली. धक्का नाही, घाई नाही. हट्टी बैलाला गोडीगुलाबीनं बाजूला घेतात तशी ती गाडी उजेडातून अंधारात गेली. मला श्वास ऐकू आला. पोतं उचलताना माणसाच्या छातीतून निघतो तसा, दाबून धरलेला, मग सुटलेला. गाडी भिंतीला टेकली. सीटचं कातडं हळूहळू वर आलं.

मला वाटलं, संपलं. पण उन्हाचा तो गोल आता रिकाम्या जमिनीवर पडला होता, आणि तिथून आवाज यायला लागला. ठक. ठक ठक. बोटाची पेरं वाजवावी तसा.

मी शिडीवरून कशी उतरले ते आठवत नाही. ह्यांना उठवायला हवं होतं, पण हे 'उतार' म्हणाले असते. मी थेट भागाबाईच्या दारात गेले. ती लेकरांना निजवून बसली होती. मी किल्ली काढली, घरातला वरवंटा घेतला, जे बघितलं ते तिला थोडक्यात सांगितलं, आणि हाताला धरून खोलीत नेलं. आता मागं फिरायची लाज वाटली. उन्हाच्या गोलात बसून मी वरवंटा जमिनीवर आपटला. डब्ब... असा खोल आवाज आला. हातभर बाजूला आपटला, तर नुसता भरीव.

भागाबाई शेतकऱ्याची लेक. तिला तो आवाज सांगावा लागला नाही.

"पेव हाय," ती म्हणाली. "बाई, हितं पेव हाय."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पेव म्हणजे दाणा साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा, आत माणूस उभा राहील एवढा. ज्वारी भरायची, तोंडावर दगडी शिळा, वर माती, वर शेणाचा सारवा. ज्यानं बुजवलं त्यालाच जागा ठाऊक. लेव्हीच्या काळात तर कुणी सख्ख्या भावालाही सांगत नसे.

मग ह्यांना उठवलं. पहार आणली, दार आतून लावलं, सारवा फोडला. शिळा सरकली आणि आतून आंबूस, कोमट वाफ तोंडावर आली. हे लगेच कडेला हात टेकून पाय आत सोडायला लागले. भागाबाईनं ह्यांचा सदरा मागून गच्च धरला. परपुरुषाला हात लावणारी बाई नव्हती ती.

"साहेब! उतरू नगा! पेवाला दम टाकू द्या. आता गेला तर वर येनार न्हाय."

बंद पेवात विषारी हवा साठते, हे शास्त्र मीही पुस्तकात वाचलं होतं, पण त्या क्षणी आठवलं तिला. कंदील दोरीनं खाली सोडला. पुरुषभर खोल जायच्या आत ज्योत विझली. हे कडेपासून मागं सरकले. पेव तसंच उघडं ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा कंदील सोडला. तो शेवटपर्यंत जळत राहिला. कडेची ज्वारी काळवंडली होती. मधली मात्र पांढरीशुभ्र, टपोरी शाळू. दोन लेकरं आणि एक बाई वर्षभर पोट भरून खातील एवढी.

भागाबाईनं ओंजळभर दाणे घेतले आणि नुसते बघत राहिली. मला वाटलं, आनंदानं रडेल.

"म्हंजी म्या खोटं बोलले," ती म्हणाली.

"तुम्हाला माहीतच नव्हतं, भागाबाई. त्याला खोटं म्हणत नाहीत."

"त्येला ठावं हुतं की. म्हनून तर मला फुडं केलं. सांगितलं असतं तर म्या भंडार उचलला नसता." ओंजळीतले दाणे तिनं पदरात सोडले. मग म्हणाली, "जाताना आवाज बसला हुता त्येचा. हात करत हुता, ह्या खोलीकडं. म्या म्हनलं, पानी मागालाय. म्या पानीच पाजत राहिले, बाई. तो हात करतोय अन् म्या पानी पाजालेय..."

मी तिला जवळ घेतलं. हे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

पण दाणा मिळाला म्हणजे सगळं सुटलं असं नव्हतं. पेवाची बातमी बाहेर गेली असती तर गावाचं म्हणणं खरं ठरलं असतं. बघा, म्हटलं नव्हतं, दाणा होता घरात! तिला खरंच माहीत नव्हतं हे कुणी मानलं असतं? आणि न मानणाऱ्या गावात ती लेकरं घेऊन राहिली तरी कशी असती? उपाय ह्यांनी काढला. शिळा पुन्हा बसवायची, आणि फटफटी तिच्यावर उभी करायची. डॉक्टरच्या गाडीखाली काय आहे हे बघायला कुणी येणार नाही. आठवड्यातून एकदा दार लावून गाडी सरकवायची, लागेल तेवढा दाणा काढायचा, गाडी पुन्हा जागेवर.

गाडी शिळेवर लावताना ह्यांनी, त्याच उतारवाल्या ह्यांनी, रिकाम्या खोलीकडं बघून हळूच म्हटलं, "आता राहू द्या." मला ऐकू जाणार नाही असं त्यांना वाटलं.

चारला आम्ही तिघंही गेलो. गाडी जिथल्या तिथं होती. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतर ती तसूभरही हलली नाही, आम्ही हलवल्याशिवाय.

अकितीला भाऊ उमरग्याहून बैलगाडी घेऊन आला. भागाबाईनं नवऱ्याच्या नावानं पान वाढलं, भावाला भाकरी वाढली, आणि शेजारी रोजगार मिळाला असं सांगून त्याला रिकाम्या गाडीनं परत पाठवलं. मुलगी दारात बसून भाकरी खात होती. आळंदला जायचं नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं ओळखलं होतं.

पुढच्या वर्षी आमची बदली झाली आणि मुरुम सुटलं. पेवातला दाणा तेव्हा संपत आला होता, भागाबाईला खुरपणीला बोलवायलाही लोक हळूहळू लागले होते. ह्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली. शेवटपर्यंत ते 'उतार' म्हणत राहिले, आणि मी विषय काढला की पेपर वर धरायचे. मी मात्र कागदावर सगळं मांडून बघितलं – वजन, गोटी, राख, कुलूप. कुठूनच उत्तर येत नाही. उन्हानं मला भास झाला म्हणाल, तर भासाला पेवाची जागा कशी ठाऊक? भागाबाईच गाडी हलवत होती म्हणाल, तर राखेत तिचं पाऊल कुठं होतं? उपाशी बाईनं एवढी गाडी ढकलली कशी? आणि पेव ठाऊक असतं तर लेकरं उपाशी ठेवली असती? मला उलगडा झालेला नाही. भूतखेत मी अजूनही मानत नाही, आणि जे बघितलं ते बघितलं.

एक मात्र सांगायचं राहिलं. अकितीनंतर पंधरा-वीस दिवसांनी भागाबाई दुपारी किल्ली मागायला यायला लागली. दाण्यासाठी नाही. दार लोटून ती त्या गाडीशेजारी बसून राहायची, चार वाजेपर्यंत. एकदा मीही जाऊन बसले. ती सीटवर हात ठेवून होती.

"बाई, तुमी बघितलं त्या दिशी... लई दमला हुता का वं?"

मी श्वासाचं तेवढं सांगितलं. ती ऐकत राहिली. साण्यातून ऊन खाली येत होतं, गाडी शिळेवर उभी होती, आणि खोलीत आम्ही दोघीच होतो.

"आता न्हाय येत," ती म्हणाली. "म्या रोज बसते. गाडी हालत न्हाय." मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "दान्यापुरताच आला हुता का वं बाई? माज्याकडं न्हाय आला?"

मी सीटवरच्या तिच्या हातावर हात ठेवला. चार वाजेपर्यंत तो तसाच ठेवला.